हवेतला पाट : विद्यापीठाच्या आवारातील बिनतारी जाळ्याचे नियोजन

(हीरकमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



दरवर्षी प्रवेशाच्या हंगामात कितीतरी मराठी कुटुंबे रात्रभरचा प्रवास करून पहाटे बंगळुरूला उतरतात. बरोबर मुलगा किंवा मुलगी, नवी सुटकेस, गुणपत्रिकांच्या साक्षांकित प्रती आणि चिवड्या-लाडवांचे डबे. महाविद्यालयाचे आवार पाहून होते, वसतिगृहाची खोली पाहून होते, जेवणाची चौकशी होते, आणि मग वडील विचारतात, "इथे वाय-फाय आहे ना?" कार्यालयातील गृहस्थ सांगतात, "सगळ्या कॅम्पसमध्ये आहे." उभयतांचे समाधान होते. प्रश्न खरा असतो, उत्तरही बहुधा खोटे नसते; परंतु त्या प्रश्नोत्तरातून कळण्यासारखे जवळजवळ काहीच नसते. गावात पाट आहे एवढे समजल्याने आपल्या शेतात पाणी केव्हा आणि किती येईल हे जसे समजत नाही, तसाच हा प्रकार आहे.

पाटाची उपमा येथे केवळ शोभेसाठी घेतलेली नाही. खानदेशात पांझरा, मोसम यांसारख्या नद्यांवर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली फड पद्धती आपल्यापैकी काहींनी पाहिली असेल. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून काढलेला पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड, आणि कोणाच्या शेतात केव्हा पाणी सोडायचे ते सांभाळणारा पाटकरी. पाणी एकच, शेते अनेक, म्हणून पाणीपाळी. बिनतारी जाळ्याचे मूळ सूत्र हेच आहे. खोलीच्या छतावर जे पांढरे, थाळीसारखे यंत्र दिसते आणि ज्याला ॲक्सेस पॉइंट म्हणतात, ते एका वाहिनीवर एका क्षणी मुख्यतः एकाशीच बोलू शकते. अलीकडच्या यंत्रांनी एकाच वेळी अनेकांशी बोलण्याची थोडी सोय केली आहे. मूळ नियम मात्र बदललेला नाही. चाळीस विद्यार्थी एका यंत्राला जोडलेले असतील, तर ते चाळीस जण एका पाटाचे वाटेकरी असतात. प्रत्येकाला आपापला स्वतंत्र नळ आहे असे जे वाटते, तो भास आहे. पाळी इतक्या झरझर फिरते की ती फिरते आहे हे जाणवत नाही.

पांझरेचे नाव निघाले म्हणून थोडे विषयांतर. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात अभियांत्रिकी शिकून १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात रुजू झालेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या आरंभीच्या कामांत धुळे भागातील पांझरेच्या एका पाटासाठी नळांचा वक्रनलिकेचा मार्ग बांधण्याचे काम होते. पुढे नीरा कालव्यावर पाण्याच्या न्याय्य वाटपासाठी त्यांनी ‘ब्लॉक’ पद्धती आखली, आणि १९१२ ते १९१८ या काळात ते म्हैसूर संस्थानाचे दिवाण होते. कर्नाटकाचे तंत्रशास्त्र विद्यापीठ १९९८ मध्ये बेळगावला स्थापन झाले, ते त्यांच्याच नावाने. वाटप हा ज्यांच्या कामाचा एक मोठा भाग होता अशा अभियंत्याचे नाव त्या विद्यापीठाला लाभावे, हे आजच्या विषयाला फारच जुळणारे आहे.

आता पाटकऱ्याविषयी. वाय-फायमध्ये पाटकरी नसतो. पाळी वाटेकऱ्यांनी आपसांतच ठरवायची असते. ही कल्पना एका विद्यापीठातच जन्मली. हवाई विद्यापीठाच्या शाखा निरनिराळ्या बेटांवर होत्या आणि त्यांना मुख्य संगणकाशी जोडायला समुद्रातून तारा टाकणे परवडणारे नव्हते. नॉर्मन अब्रामसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये रेडिओलहरींवर चालणारे ‘अलोहानेट’ सुरू केले. त्याचा नियम विलक्षण साधा होता : ज्याला बोलायचे त्याने बोलावे, दोघे एकाच वेळी बोलले तर दोघांचेही वाया जाईल, मग प्रत्येकाने यदृच्छेने थोडा थोडा वेळ थांबून पुन्हा बोलावे. आजच्या वाय-फायने या नियमात एक सुधारणा केली. आधी ऐका, कोणी बोलत नसेल तरच बोला. शिक्षकांना हा नियम नवा वाटणार नाही. वर्गात तो पंधरा मुलांत उत्तम चालतो, साठांत कसाबसा चालतो आणि दोनशेंत मोडून पडतो, हेही त्यांना ठाऊक असते. बिनतारी जाळ्याचेही तंतोतंत तसेच होते.

मग वर्ग पाडावे लागतात. भारतात २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा २००५ च्या जानेवारीत परवान्याशिवाय वापरण्यास मोकळा झाला. या पट्ट्यात एकमेकींवर न चढणाऱ्या वाहिन्या बसतात जेमतेम तीन. शेजारशेजारच्या दोन खोल्यांतील यंत्रे एकाच वाहिनीवर ठेवली, तर ती एकमेकांची वाट पाहत बसतात. दोन वर्गांमध्ये भिंत नसल्यासारखे होते. म्हणून इमारतीच्या नकाशावर तीन रंग घेऊन, शेजारी शेजारी एकच रंग येऊ नये अशा बेताने आखणी करावी लागते, आणि हा खेळ वरच्या व खालच्या मजल्यांनाही लागू होतो. पाच गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात वाहिन्या पुष्कळ आहेत, आणि २०१८ पासून तो आपल्याकडे बराच मोकळाही झाला. पण त्या लहरी भिंतीपाशी लवकर थकतात. थोडक्यात, दूर जाणारा पट्टा अरुंद आणि रुंद पट्टा आखूड पल्ल्याचा. नियोजनाची निम्मी डोकेदुखी या एका वाक्यात आहे.

बंगळुरूसारख्या शहरात ही डोकेदुखी कशी दिसते हे समजण्यासाठी भारतीय विज्ञान संस्थेचे आवार डोळ्यांपुढे आणावे. स्थानिक लोक तिला अजूनही ‘टाटा इन्स्टिट्यूट’ म्हणतात. मुंबईच्या जमशेटजी टाटांची कल्पना, म्हैसूर संस्थानाने दिलेली ३७१ एकर जमीन आणि १९०९ ची स्थापना, हा इतिहास सर्वपरिचित आहे. मनोऱ्याची ती करड्या दगडी बांधणीची मुख्य इमारत पाहताना आपल्याला तिचे सौंदर्य दिसते. जाळे आखणाऱ्याला मात्र भिंतींची जाडी दिसते. शंभर वर्षांपूर्वीची दगडी भिंत, पुढच्या काळातील लोखंडी सळ्यांचे काँक्रीट, आणि अगदी अलीकडची, उन्हाची झळ कमी करण्यासाठी धातूचा लेप दिलेली काच, या तिन्हींतून लहरी निरनिराळ्या प्रकारे जातात, किंवा जात नाहीत. एकाच आवारात तीन काळांची बांधकामे असली, की एका इमारतीतील अनुभव दुसरीत उपयोगी पडत नाही.

शिवाय झाडे. बंगळुरूच्या जुन्या शिक्षणसंस्थांची आवारे म्हणजे अरण्येच आहेत, आणि ती तशी राहिली याबद्दल त्या शहराचे आभार मानले पाहिजेत. पानांत पाणी असते आणि पाणी या लहरी शोषून घेते. दोन इमारतींच्या गच्च्यांवर समोरासमोर अँटेना लावून जोडणी केली आणि ती उन्हाळ्यात उत्तम चालली, तरी पावसाने भिजलेल्या पर्णभाराआडून ती कुरकुरू लागते. आणि आठ-दहा वर्षांत मधले झाड मोठे होते ते वेगळेच. झाडाची फांदी तोडून सिग्नल मिळवण्याची सूचना बैठकीत कोणीतरी करतोच. ती ऐकून घेऊ नये. कर्नाटकात १९७६ पासून वृक्षरक्षणाचा कायदा आहे, आणि कायदा नसता तरी दोन इमारतींमध्ये जमिनीखालून फायबर टाकणे हाच शहाणपणाचा मार्ग आहे. तेही मुळे सांभाळून.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, कारण ‘बिनतारी’ या शब्दाने भलेभले फसतात. बिनतारी जाळ्याचा फार मोठा भाग तारांचाच असतो. विद्यार्थ्याच्या हातातील फोनपासून छतावरच्या यंत्रापर्यंतची वीस-पंचवीस फुटे तेवढी बिनतारी. पुढचा सगळा प्रवास तारेने. छतावरच्या यंत्रापासून मजल्यावरच्या स्विचपर्यंत तांब्याची केबल, आणि ती शंभर मीटरांहून लांब चालत नाही. ही मर्यादा इमारत बांधतानाच लक्षात घेतली नाही, तर नंतर भिंती फोडाव्या लागतात. याच केबलमधून यंत्राला वीजही पुरवता येते, त्यामुळे छतावर वेगळे विजेचे बटण लागत नाही. इमारती-इमारतींमध्ये काचेचे फायबर. त्याचा एक फायदा असा, की काच विजेची वाहक नाही. एप्रिल-मेमध्ये बंगळुरूत गडगडाटी पाऊस कोसळतो तेव्हा दोन इमारतींमध्ये तांब्याची तार ओढलेल्यांना हा फरक चांगलाच कळतो. स्विचला बॅटरीचा आधार नसेल, तर वीज गेली की बिनतारी जाळेही जाते, फोनमध्ये चार्जिंग कितीही असो.

तारांचा हा वारसा बंगळुरूत जुना आहे. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रसंघाच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने १९८६ मध्ये ‘अर्नेट’ हे शैक्षणिक जाळे विणायला घेतले, तेव्हा पाच आयआयटी आणि मुंबईचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र यांच्या जोडीला भारतीय विज्ञान संस्था पहिल्या सहभागी संस्थांत होती. २०१० मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय ज्ञान जाळ्याने विद्यापीठे आणि संशोधनसंस्था अतिवेगवान फायबरने जोडण्याचे काम पुढे नेले. म्हणजे आवाराच्या फाटकापर्यंत पाणी मुबलक आले. प्रश्न उरला तो फाटकाच्या आतील पाटांचा.

हे आतील पाट कसे आखावेत याचा एक आदर्श अमेरिकेतील पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठाने घालून दिला. वाय-फायचे मानक १९९७ मध्ये ठरले. त्याच्याही आधी, दशकाच्या मध्याला, ॲलेक्स हिल्स यांच्या नेतृत्वाखाली त्या विद्यापीठाने आपल्या आवारात बिनतारी जाळे उभारायला सुरुवात केली होती. हिल्स यांच्या पद्धतीत नकाशावरची आखणी हा फक्त आरंभ असे. त्यानंतर यंत्रे तात्पुरती लावायची, इमारतभर हिंडून प्रत्यक्ष मोजमाप घ्यायचे, यंत्रे सरकवायची आणि पुन्हा मोजायचे. त्यासाठी त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने चाकांचा एक ढकलगाडाच तयार केला : गाडा फिरत जाईल तसे तो आपली जागा आणि तेथील सिग्नलची ताकद यांची नोंद करीत जाई. पायी हिंडून मोजण्याला अजूनही पर्याय निघालेला नाही. संगणकावर रंगीत नकाशे दाखवणारा विक्रेता ढकलगाडा न घेता आला असेल, तर त्याला चहा द्यावा आणि निरोप द्यावा.

मोजमाप केव्हा घ्यायचे, हाही मोठा प्रश्न आहे. सोयीचे म्हणून ते सुट्टीत घेतले जाते. रिकाम्या व्याख्यानगृहात सगळे छान चालते आणि जुलैमध्ये दीडशे मुले येऊन बसली की बिघडते. तक्रार होते की यंत्रे निकृष्ट आहेत. वास्तविक मधल्या काळात खोलीत दीडशे पाण्याने भरलेली शरीरे येऊन बसलेली असतात. माणूस हाही लहरींच्या दृष्टीने एक ओला खांबच. म्हणून यंत्र माणसांच्या डोक्यावर, छताला हवे. भिंतीवर कमरेइतक्या उंचीवर नको. आणि बाहेरच्या व्हरांड्यात तर नकोच नको. व्हरांड्यात लावणे स्वस्त पडते, दुरुस्तीला सोपे जाते. पण तेथील यंत्रे लांबच लांब मोकळ्या मार्गिकेत एकमेकांना स्पष्ट ऐकत, एकमेकांसाठी थांबत राहतात, आणि ज्यांच्यासाठी ती लावली ते विद्यार्थी भिंतीपलीकडे असतात.

दुसरा लाडका उपाय म्हणजे यंत्राची ताकद वाढवणे. त्याचे फलित आपण सर्वांनी अनुभवले आहे : फोनवर सिग्नलच्या सगळ्या रेघा दिसतात आणि पान काही उघडत नाही. दवंडीवाल्याचा आवाज साऱ्या गावाला ऐकू येतो, पण गावाच्या टोकाला बसलेल्या आजीबाईंचे उत्तर दवंडीवाल्याला ऐकू येत नाही. फोनचा आवाज त्या आजीबाईंसारखा क्षीण असतो. यंत्राचा आवाज वाढवून संवाद होत नाही. यंत्रे जवळ आणावी लागतात, संख्येने वाढवावी लागतात आणि प्रत्येकाचा आवाज कमी करावा लागतो. मोठ्या सभागृहात एका बलाढ्य यंत्राऐवजी आठ-दहा हळू बोलणारी यंत्रे लागतात, ती त्यामुळेच.

येथवर भिंती, झाडे आणि माणसे झाली. पण पाट आखण्याआधी शेतकरी विचारतो, पीक कोणते? ऊस की ज्वारी? बिनतारी जाळ्याच्या बैठकीत हा प्रश्न फार उशिरा निघतो. समजा, एकशे वीस विद्यार्थ्यांच्या वर्गात शिक्षकाने दहा मिनिटांची एक चित्रफीत पडद्यावर दाखवली, तर जाळ्यावर एका चित्रफितीचा भार पडतो. म्हणू या, सेकंदाला दोन मेगाबिट. तीच चित्रफीत प्रत्येकाला आपापल्या फोनवर पाहायला सांगितली, तर दोनशे चाळीस. शिकवण्यातील एका वाक्याच्या फरकाने भार एकशे वीस पट होतो. उलट ऑनलाइन चाचणीत माहिती अगदी थोडी जाते. तिथे गोम अशी, की सर्वांनी दहा वाजता एकाच ठोक्याला आत शिरायचे असते. पहिले मिनिट निभावले की पुढचा तास सुरळीत जातो. शाळा सुटल्याची घंटा झाल्यावर फाटकात जी गर्दी होते, तिच्यासाठी मैदान मोठे करून उपयोग नसतो. चाचणीला पाच-पाच मिनिटांच्या अंतराने गट सोडले तर एक पैसाही खर्च न होता काम होते. पण हे सुचायला जाळ्याचा अभियंता आणि विषयाचा शिक्षक एका टेबलाशी बसावे लागतात.

यंत्राआधी शिकवण्याचा विचार, ही दृष्टी आपल्या देशाला अपरिचित नाही. इस्रोचा ‘साइट’ हा उपग्रह-दूरदर्शनाचा प्रयोग १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असा वर्षभर चालला. नासाचा उपग्रह, सहा राज्यांतील २४०० खेडी. कर्नाटकातील गुलबर्गा, रायचूर आणि विजापूर हे जिल्हे त्यांत होते. मूळचे कोल्हापूरचे एकनाथ वसंत चिटणीस यांनी या प्रयोगाच्या व्यवस्थापनाची धुरा वाहिली. आज त्यातील उपग्रहाचे कौतुक उरले आहे. अधिक शिकण्यासारखे आहे ते बाकीचे. कार्यक्रम त्या त्या प्रदेशाच्या भाषेत तयार केले गेले. खेड्यातील संच बंद पडला तर तो दुरुस्त कोण आणि किती दिवसांत करणार याची व्यवस्था आधी बांधली गेली. लोक काय पाहतात, काय समजतात, हे टिपण्यासाठी अभ्यासक खेड्यांत जाऊन राहिले. शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी सुट्टीचे दिवस वापरले गेले.

त्यानंतर अठ्ठावीस वर्षांनी, २० सप्टेंबर २००४ रोजी, श्रीहरिकोट्याहून ‘एज्युसॅट’ उडाला. केवळ शिक्षणासाठी वाहिलेला हा भारताचा पहिला उपग्रह. त्याच्या प्राथमिक चाचण्यांसाठी निवडलेल्या विद्यापीठांत बेळगावचे विश्वेश्वरय्या तंत्रशास्त्र विद्यापीठ होते आणि नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठही होते. एका ठिकाणी तज्ज्ञ शिक्षक शिकवणार आणि दूरदूरच्या महाविद्यालयांतील विद्यार्थी पाहणार, प्रश्न विचारणार. कल्पना चांगली होती. परंतु अशा वर्गाचे वेळापत्रक सर्व महाविद्यालयांना एकच ठेवावे लागते. दहाला सुरू झालेला पाठ साडेदहाला आलेल्याला पुन्हा ऐकता येत नाही. उपग्रहाचे कार्य २०१० मध्ये संपले. तोवर दुसरी वाट रुंद होत चालली होती. भारतीय विज्ञान संस्था आणि आयआयटी यांनी मिळून २००३ पासून ‘एनपीटीईएल’ या उपक्रमात अभियांत्रिकी आणि विज्ञान विषयांची व्याख्याने ध्वनिचित्रमुद्रित करून सर्वांना खुली केली. ही वाट वेळापत्रकाची नव्हती. व्याख्यान हवे तेव्हा पाहता येते. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ते थांबवता येते.

आपल्या शाळेसारख्या शाळेतून बंगळुरूला गेलेल्या मुलाच्या दृष्टीने ‘थांबवता येते’ या दोन शब्दांचे मोल काय आहे, हे येथे बसलेल्या माजी विद्यार्थ्यांना निराळे सांगायला नको. दहावीपर्यंत सगळे विषय मराठीतून. त्यानंतरची दोन वर्षे इंग्रजीशी झटापट. आणि पहिल्या सत्रात प्राध्यापक ज्या वेगाने बोलतात त्या वेगात विषय आणि भाषा दोन्ही एकदम पकडायची. विषय कठीण नसतो. चाळीसाव्या सेकंदाला एक शब्द निसटतो, तो कोणता याचा विचार करता करता पुढची पाच वाक्ये जातात, आणि हात वर करून विचारायचे तर सगळ्या वर्गाने वळून पाहायचे. मुद्रित व्याख्यान रात्री खोलीत बसून तीनदा ऐकणारा विद्यार्थी मंदबुद्धी नसतो. तो दोन कामे एकदम करीत असतो. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ उपक्रमात पडद्यावरची आज्ञावली इंग्रजीत आणि निवेदन मराठीसह अनेक भारतीय भाषांत, अशी दहा-दहा मिनिटांची पाठमाला आहे; ती उतरवून घेतली की जाळे नसतानाही चालते. हे पाठ ज्यांनी आखले त्यांना या मुलाची रात्र ठाऊक होती, असे म्हणावेसे वाटते.

आणि म्हणूनच जाळ्याच्या नियोजनात वसतिगृहाला व्याख्यानगृहाच्या बरोबरीचे स्थान हवे. बहुतेक ठिकाणी उलटे घडते. प्रशासकीय इमारतीत, कुलगुरूंच्या दालनाबाहेर उत्तम जोडणी असते. वसतिगृहाच्या टोकाच्या खोलीपर्यंत ती पाटाच्या शेवटच्या शेतासारखी ठिबकत पोहोचते. शिवाय "मुले रात्री सिनेमे पाहतात" या कारणास्तव अकरानंतर जाळे बंद करण्याचा ठराव कोणत्या तरी समितीत होतो. मुले सिनेमे पाहतात हे खरे आहे. परंतु बंद करण्याने सिनेमावाला आणि तिसऱ्यांदा व्याख्यान ऐकणारा या दोघांना एकच शिक्षा होते. शिक्षणसामग्रीला आधी वाट, करमणुकीला उरलेली, अशी व्यवस्था स्विचमध्ये करता येते. नेहमी लागणाऱ्या व्याख्यानांची प्रत आवारातीलच सर्व्हरवर ठेवली तर बाहेरच्या जोडणीवरचा भारही हलका होतो.

२०२० च्या मार्चनंतर आवारे ओस पडली आणि एक कटू सत्य उघडे झाले : आवारातील सर्वोत्तम जाळे आवाराबाहेर कोणाच्याही कामाचे नाही. कोकणात डोंगरावर झोपडी उभारून पावसात शिकण्याच्या बातम्या आपण त्याच वर्षी वाचल्या. त्या विषयाला स्वतंत्र व्याख्यान हवे.

खर्चाविषयी थोडे. यंत्रे विकत घेणे हा खर्चाचा दिसणारा भाग. पाच-सात वर्षांत ती जुनी होतात, त्याआधीच त्यांची प्रणाली अद्ययावत ठेवण्याचे शुल्क सुरू होते, स्विचच्या बॅटऱ्या बदलाव्या लागतात, आणि रात्री साडेदहाला वसतिगृहातील तक्रार ऐकायला पगारी माणूस लागतो. संस्थांचा अनुभव असा, की इमारतीला देणगी मिळते, संगणककक्षाला मिळते, कोनशिलाही बसते. बॅटरी बदलायला देणगी देणारा विरळा. हीरकमहोत्सवाच्या वर्षात हे माजी विद्यार्थ्यांच्या कानावर घालणे अप्रस्तुत होणार नाही.

आता सर्वांत नाजूक मुद्दा. पाळीचा नियम वर सांगितला, त्यात एक भाग सांगायचा राहिला आहे. प्रत्येकाला पाळी मिळते. पण पाळीत किती वेळ लागतो हे प्रत्येकाच्या यंत्राच्या वेगावर असते. जे पाकीट ५४ मेगाबिटच्या वेगाने पाठवायला एक घटका लागते असे धरले, तेच एक मेगाबिटच्या वेगाने पाठवायला सुमारे पन्नास घटका लागतात, आणि तोवर बाकी सगळे थांबतात. नव्या फोनचा मालक भर्रकन बोलून मोकळा होतो. दूर बसलेला किंवा जुन्या, स्वस्त फोनचा मालक सावकाश बोलतो आणि त्याच्यामुळे साऱ्या खोलीचे जाळे मंदावते. अभियंत्यांना हे चांगले ठाऊक असते. त्यावरचा त्यांचा उपायही ठरलेला आहे : जुने, मंद वेग बंदच करून टाकायचे, किंवा २.४ चा पट्टा बंद करून फक्त पाच गिगाहर्ट्झ ठेवायचा. तांत्रिकदृष्ट्या निर्णय बिनचूक आहे. आलेख वर जातो, तक्रारी घटतात.

मात्र घटलेल्या तक्रारींत काही अशाही असतात, ज्या करणाऱ्याचा फोन आता जाळ्याला जोडलाच जात नाही. पाच गिगाहर्ट्झ न ओळखणारा फोन ज्याच्याजवळ आहे तो बहुधा थोरल्या भावाने वापरून दिलेला असतो, किंवा सर्वांत स्वस्त म्हणून निवडलेला असतो. त्याला पडद्यावर ‘जोडता येत नाही’ एवढेच दिसते; कारण दिसत नाही. तो समजतो की आपल्यालाच काही जमत नाही. तक्रार कुठे करायची हे विचारायलाही इंग्रजी वाक्य जुळवावे लागते, म्हणून तो गप्प बसतो. शैक्षणिक परिषदेत ज्या निर्णयावर दोन तास वाद झाला असता, तो असा एका पडद्यावरच्या चौकटीत एका टिचकीसरशी होऊन जातो, आणि त्याला कोणी शैक्षणिक निर्णय म्हणतही नाही.

मार्ग आहेत, आणि ते फार महाग नाहीत. व्याख्यानगृहात वेगाचा आग्रह जरूर धरावा. तेथे दोनशे जणांचा प्रश्न असतो. पण वसतिगृहाच्या सामायिक खोलीत आणि ग्रंथालयाच्या एका भागात २.४ चा पट्टा चालू ठेवावा, त्याचे वेगळे, ओळखता येईल असे नाव ठेवावे, आणि ते नाव दारावर लिहावे. प्रवेशाच्या अर्जात विद्यार्थ्याजवळ कोणते यंत्र आहे असा एक रकाना वाढवावा; त्याची उत्तरे हाती आल्याशिवाय कोणताही वेग बंद करू नये. ग्रंथालयाने पुस्तकांप्रमाणे लॅपटॉपही सत्रभरासाठी घरी द्यावेत, अनामत न घेता. आणि वाचनकक्षात काही टेबलांवर साध्या, जुन्या पद्धतीच्या तारेच्या जोडण्या राखून ठेवाव्यात. तारेवर पाळी नसते. एका टेबलाची तार त्या टेबलापुरतीच. लॅपटॉप कितीही जुना असो, केबल खोचली की व्याख्यान सुरू होते. अशा टेबलांशी बसायला सत्राच्या सुरुवातीला कोणी जात नाही, आणि परीक्षेच्या आदल्या आठवड्यात तेथे सकाळी सातपासून रांग असते.